चैत्रात गडावर चालत जाणाऱ्यांनी उन्हाची सबब सांगू नये

जळगाव-धुळ्यात व्यायामाचा विषय काढा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: 'ऊन कितलं शे भाऊ!' ते संपलं की वेळ येते, मग गुडघे, मग वय, मग घरची कामं आणि शेवटी रस्त्यावरची कुत्री. सांगणारा खोटं बोलत नसतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुपारी बाराला धुळ्याच्या आग्रा रोडवर उभं राहून कुणी व्यायामाचा उपदेश करू लागला, तर त्याचं कुणी ऐकू नये. तरीही माझं म्हणणं असं की या सबबींपैकी बहुतेक टिकणाऱ्या नाहीत, आणि त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा खान्देशातच आहे.

रामनवमीपासून सप्तशृंग गडावर चैत्रोत्सव सुरू होतो आणि चैत्र पौर्णिमेला तो भरात येतो. त्या दिवसांत धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून हजारो माणसं पायी गडाकडे निघतात. खान्देश हे देवीचं माहेर, असं आपल्याकडे मानतात. तेव्हा हे माहेरच्या माणसांचं जाणं. धुळ्याहून गड सव्वाशे-दीडशे किलोमीटर, जळगावहून दोनशेच्या वर. पुढे ट्रॉलीवर सजवलेली देवी, स्पीकरवर गाणी, हातात झेंडे आणि मागे चालणारी गर्दी. त्यात कॉलेजची पोरं असतात, हमाल असतात, दुकानदार असतात, सासू-सुना एकमेकींचा हात धरून चालत असतात. या सगळ्यांच्या डोक्यावर एप्रिलचं ऊन असतं. वाटेतल्या गावांचे लोक ताक, टरबूज, सरबत घेऊन रस्त्यावर उभे राहतात. कुणाच्या टाचेला फोड आला तर तो पट्टी बांधतो आणि पुन्हा उठतो.

हीच माणसं परत आली की कोपऱ्यावरून दूध आणायला मोटारसायकल काढतात.

गडाची वाट चालणारे उन्हाचं काय करतात ते नीट पाहिलं पाहिजे. ते पहाटे अंधारातच निघतात. ऊन चढलं की कडुनिंबाखाली, शाळेच्या ओट्यावर, देवळाच्या सभामंडपात आडवे होतात. संध्याकाळी उन्हं कलली की परत वाटेला लागतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. म्हणजे उन्हाचा प्रश्न त्यांनी वेळ बदलून सोडवलेला आहे. त्यासाठी कुणा तज्ज्ञाची गरज पडलेली नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पावणेसहा-सहाला सूर्य उगवतो. त्याच्या आधीचा पाऊण तास मेहरूण तलावाकाठी किंवा पांझरेकाठच्या रस्त्यावर चालता येतो, आणि चालणारे चालतातही. शरीरसुद्धा यात मदत करतं. रोज थोडं-थोडं उष्णतेत वावरलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. उष्माघात खरा आहे, त्याने माणसं दगावतात, म्हणून दुपारचं धाडस कुणी करूच नये. पण दुपारी बाराचं कारण पहाटे पाचला लावता येत नाही. आणि ऊनच अडवत असेल, तर दिवाळीपासून होळीपर्यंतच्या थंडीत मैदानं भरलेली दिसायला हवी होती.

यावर एक उत्तर मिळतं, आणि ते हलकं नाही: 'तिथं आई चालवते, आपण थोडीच चालतो!' या श्रद्धेचा मला आदर आहे. पण पाय उचलायला बळ श्रद्धेने दिलं तरी उचलले गेले ते तुमचेच पाय. दम लागला तो तुमच्याच छातीला. ते शरीर तुमच्याकडेच होतं आणि ते चालू शकत होतं, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं की नाही? उलट मला काळजी वाटते ती वेगळीच. वर्षाचे साडेतीनशे दिवस गादीवर बसलेल्या देहाला एकदम दोनशे किलोमीटर चालायला लावणं हा त्या देहावर अन्याय आहे. गडावर जायचं असेल तर माघापासून रोज थोडं चालायला लागावं. देवीला त्याचा राग येणार नाही.

पदयात्रेत आणखी काय असतं? ठरलेली तारीख असते. सोबत असते. आणि 'कुठं निघालास?' या प्रश्नाला मानाचं उत्तर असतं. रोजच्या व्यायामाला यातलं तिसरं नसतं, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथंच आहे. आपल्याकडे विनाकारण पायी चालणारा माणूस दिसला की ओळखीचा कुणी गाडी थांबवतो आणि म्हणतो, 'बस भाऊ, सोडतो.' त्यात खान्देशी माया आहे, ती मला प्यारी आहे. पण त्या मायेत एक समजूतही दडलेली आहे: ज्याच्याकडे गाडी नाही तो चालतो, ज्याला काम नाही तो मैदानात जातो. एक-दोन पिढ्यांपूर्वी चालणं ही गरज होती. गाडी आली तशी पायी चालणं ही गरिबीची खूण ठरली. ही लाज कुणी उघड बोलून दाखवत नाही, म्हणून ती उन्हाच्या आणि वेळेच्या नावाने बाहेर पडते. सबबी एकेक करून खोडता येतील, त्या मी खोडणारच आहे. पण मुळाशी ही लाज आहे हे आधी मान्य करू या.

'आमचं कामच व्यायाम आहे' ही सबब सगळ्यात जुनी. ती कुणाच्या तोंडी आहे यावर तिचं खरेपण ठरतं. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला, केळीचे घड खांद्यावरून गाडीपर्यंत वाहणाऱ्या मजुराला, बाजार समितीतल्या हमालाला मी 'चालायला जा' म्हणणार नाही. त्यांना विसावा हवा, पोटभर जेवण हवं आणि योग्य मजुरी हवी. पण ज्याच्या शेतात ट्रॅक्टर नांगरतो, ठिबकच्या नळ्या पाणी देतात, ज्याची मोटार मोबाइलवरून सुरू होते आणि जो बांधापर्यंत गाडीनेच जातो, त्या रावेर-यावलच्या बागायतदाराने 'शेतकऱ्याला व्यायाम कशाला' असं म्हणू नये. त्याच्या आजोबांनी ते म्हणायला हरकत नव्हती. जळगावच्या सराफ बाजारात गादीवर बसणारा, दालमिलच्या ऑफिसात हिशेब पाहणारा, शाळेत खुर्चीवरून शिकवणारा, यांचं काम थकवतं हे खरं. तो थकवा डोक्याचा आणि बसण्याचा असतो.

या बाबतीत 1953 सालचा एक अभ्यास आजही आठवावा असा आहे. लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक यांची डॉ. जेरी मॉरिस यांनी तुलना केली. दोघे एकाच वर्गातले, एकाच बसवरचे. चालक दिवसभर बसून, वाहक तिकिटं फाडत दिवसातून शेकडो पायऱ्या चढ-उतार करणारा. हृदयविकाराचं प्रमाण चालकांमध्ये स्पष्टपणे जास्त निघालं. एकाच वर्गातल्या, एकाच शहरातल्या माणसांत फरक पडला तो हालचालीने. पुढच्या सत्तर वर्षांत हे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या देशांत तपासलं गेलं आहे आणि दिशा तीच राहिली आहे.

'मी कुठं जाड आहे?' असं म्हणणाऱ्यांसाठी उत्तर पुण्याहूनच आलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचं छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी 9 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21 टक्के. आपल्या लोकांच्या हातापायांच्या काड्या दिसतात, पण पोटाच्या आत चरबी साठलेली असते आणि स्नायू कमी असतात. म्हणून बारीक माणसालाही मधुमेह गाठतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. चालताना मांडीचे, पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं फिरून आलं तर साखर कमी चढते ती यामुळे. आपल्याकडे शतपावली होतीच. ती टीव्हीने खाल्ली.

आजोबांचं उदाहरण देणारे घरोघरी भेटतात. आजोबांनी कधी व्यायाम केला नाही, तूप खाल्लं, विडी ओढली आणि नव्वदी पाहिली. खरंच असेल. पण ते आजोबा आठवड्याच्या बाजाराला चालत जात होते, मोट हाकत होते, विहिरीतून पाणी शेंदत होते. त्यांनी व्यायाम केला नाही, कारण त्यांच्या दिवसात व्यायामासाठी वेगळी जागाच उरत नव्हती. आणि त्यांचे जे भाऊ-बहिणी पन्नाशी गाठायच्या आत गेले त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. नव्वदीतल्या आजोबांचा वारसा सांगायचा असेल तर त्यांच्या तुपाबरोबर त्यांची पायपीटही घ्यावी लागेल.

वेळेच्या सबबीवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. आठवड्याची मिनिटं 10,080. म्हणजे मागणी दीड टक्क्याची आहे. शिवाय 2020 च्या मार्गदर्शनात संघटनेने 'एका वेळी निदान दहा मिनिटं' ही जुनी अटही काढून टाकली. जिना चढलात, भाजी आणायला पायी गेलात, तेही धरलं जातं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं म्हणजे मध्यम श्रम. मोबाइलवर रिळं पाहण्यात रात्रीचा जो तास जातो त्याचा हिशेब वाचकाने स्वतःच मांडावा. तीच गोष्ट जिमच्या फीची. जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार यांना आजवर कुणी पैसे मागितलेले नाहीत. 'आपल्या भागात तसं वातावरण नाही' असं म्हणणाऱ्यांनी चाळीसगाव तालुक्यातलं सायगाव बगळी आठवावं. त्या गावच्या विजय चौधरी यांनी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षं 'महाराष्ट्र केसरी'ची गदा आणली.

गुडघे आणि वय यांच्याशी मात्र सावकाश बोललं पाहिजे, कारण तिथे वेदना खरी असते. गुडघा दुखतो म्हणून माणूस बसतो. बसल्यामुळे मांडीचे स्नायू सुकतात, सगळा भार सांध्यावर येतो आणि गुडघा आणखी दुखतो. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव हालचालीने आत-बाहेर खेळतो. म्हणूनच गुडघ्याच्या झिजेवरच्या उपचारांत डॉक्टर व्यायामाला आधीचं स्थान देतात. सुरुवात अगदी छोटी असू शकते. घरातली हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून बसा. आता हातांचा आधार न घेता उभे राहा आणि सावकाश, धपकन न पडता, परत बसा. पहिल्या दिवशी तीन वेळा जमलं तरी पुष्कळ. उठताना गुडघे आत वळत असतील तर पाय थोडे फाकवा. आधाराशिवाय उठताच येत नसेल तर खुर्चीवर एक जाड गादी घालून उंची वाढवा आणि आठवड्याभराने ती काढा. हा पायांचा पूर्ण व्यायाम आहे. संडासातून, जमिनीवरून, एसटीच्या सीटवरून उठण्याची ताकद यातूनच येते, आणि म्हातारपणी स्वावलंबन म्हणतात ते याहून फार वेगळं नसतं.

'आता या वयात काय' हे म्हणणं तर 1990 सालीच निकालात निघालं. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. इतक्या दूर जायचं नसेल तर धुळ्याच्या तुरुंगापर्यंत या. 1932 साली तिथे विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. हेच विनोबा 1951 मध्ये भूदानासाठी चालू लागले तेव्हा 55 वर्षांचे होते, प्रकृती कधीच धडधाकट नव्हती. पुढे तेरा वर्षं ते चालतच होते. हृदयविकार, रक्तदाब, जुना मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. छातीत दुखलं, भोवळ आली तर त्याच क्षणी थांबावं. पण विचारायला जाणं आणि 'डॉक्टर नको म्हणतील' असं घरी बसून ठरवणं, यात फरक आहे.

आता बायकांकडे येतो. इथे मी सबब हा शब्दच मागे घेतो.

2022 सालच्या आकडेवारीवरून जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी काढलेला अंदाज असा की भारतात पुरेशी शारीरिक हालचाल न करणारे पुरुष 42 टक्के आणि स्त्रिया 57 टक्के. हा फरक आळसाचा आहे असं ज्याला वाटतं त्याने आपल्या घरातली पहाट पाहावी. धुळ्यात काय नि जळगावात काय, नळाला पाणी रोज येत नाही. ज्या पहाटे येतं त्या पहाटे घरातली बाई मोटार लावते, टाकी भरते, पिंप भरते, हंडे भरते. पाण्याचा दिवस नसला तरी डबे असतातच. पोराची शाळा, नवऱ्याची ड्युटी, सासऱ्यांचा चहा. उन्हाच्या आधीचा जो पाऊण तास मी वर सर्वांना वाटून दिला, तोच पाऊण तास या घराने तिच्याकडून आधीच घेतलेला असतो. संध्याकाळी निघावं तर 'दिवेलागणीला बाहेर कुठं?' मैदानावर जावं तर तिथे टोळकं बसलेलं. बूट घातले तर शेजारीण हसते, सून पंजाबी ड्रेसवर निघाली तर सासूच्या कपाळाला आठी. आणि एवढं सगळं झाल्यावर तिलाच सांगायचं की 'दिवसभर घरात राबतेस, तुला काय गरज?' भांडी-धुणी-फरशीत श्रम आहेत, कंबर मोडण्याइतके आहेत. पण त्यातलं बरंचसं वाकून, एका जागी उभं राहून केलेलं असतं. दम वाढेल असं सलग चालणं त्यात क्वचितच येतं, आणि जे येतं त्यात तिच्या मनासारखं काही नसतं.

आणि इथेही पुन्हा आपलाच पुरावा आपल्याविरुद्ध उभा राहतो. कोथळी-मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी आषाढी वारीला पंढरपूरला निघते. पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर आणि महिन्याभराची वाट; मानाच्या पालख्यांतल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या पालख्यांपैकी ही एक. त्या वाटेवर बायका डोक्यावर तुळस घेऊन साडीत चालतात, आणि कुठलंही गाव त्यांना 'घरी कामं नाहीत का' असं विचारत नाही. उलट पाया पडतं. मुक्ताईच्या नावाने महिनाभर चालणारी बाई वंदनीय आणि स्वतःच्या साखरेसाठी अर्धा तास चालणारी बाई रिकामटेकडी, हा न्याय खान्देशाने आता बदलायला हवा.

रस्त्यांबद्दलची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पदपथ नाहीत, असले तर त्यावर टपऱ्या आहेत. दिवे बंद असतात, भटकी कुत्री अंगावर येतात, धूळ नाकातोंडात जाते. ज्याला गाडीने जाता येतं त्याला हे दिसत नाही. चालणाऱ्याला पहिल्या वळणावर दिसतं. आणि म्हणूनच हे कारण पुढे करून घरी बसण्याने काही सुटणार नाही. पाचशे माणसं रोज पहाटे ज्या रस्त्याने चालतात त्या रस्त्यावरचा बंद दिवा महापालिकेला फार दिवस बंद ठेवता येत नाही. जो रस्ता रिकामा, त्याच्यासाठी निवेदन कोण देणार? तोवर कुत्र्यांसाठी हातात काठी घ्यावी, चौघांनी मिळून निघावं, आणि तेही नको असेल त्या दिवशी गच्चीवर बारा सूर्यनमस्कार घालावेत.

जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांकडे माझी मागणी साधी आहे. पालिकेच्या शाळांची मैदानं पहाटे पाच ते सात लोकांसाठी उघडी ठेवा, त्यातलं एक तरी प्रत्येक भागात बायकांसाठी राखून ठेवा, तिथे दिवा आणि चौकीदार द्या. पाण्याची वेळ पहाटेचीच का असते याचाही एकदा विचार करा. आणि हा लेख वाचणाऱ्या घरातल्या पुरुषांना विनंती: येत्या पाण्याच्या दिवशी मोटार तुम्ही लावा, टाकी तुम्ही भरा, डबाही एक दिवस तुम्हीच करा, आणि तिने त्या वेळात कुठे, किती नि कुणाबरोबर चालायचं हे तिचं तिला ठरवू द्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही निघा. चैत्र पौर्णिमेची वाट पाहू नका.